पुस्तक चालवून बघा, मग शिफारस करा

महोदय,

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन कसं बांधावं हे शिकवणाऱ्या एका जाड इंग्रजी पुस्तकाची शिफारस गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत आली होती. ती वाचून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलानं ९०० रुपये घालून ते मागवलं. हा मुलगा तासगावहून रोज एसटीनं येतो. त्याच्या घरी ९०० रुपये ही लहान रक्कम नाही. चार दिवसांनी तो तोंड पाडून आला. पुस्तकातला पहिलाच मोठा प्रोग्रॅम कंपाइल होत नव्हता, म्हणजे चालण्याजोगा बनतच नव्हता, आणि आपल्यालाच हे जमत नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं. मला ते बघवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी १६ वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करते. माझे वडील तिथल्याच एका पेढीवर दिवाणजी होते. एंटरप्राइझ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे पुण्यातल्या काचेच्या इमारती येतात. माझ्या लेखी अर्थ एवढाच, की एका हिशेबात एकाच वेळी दहा जणांचे हात असतात आणि तरीही संध्याकाळी तो जुळावा लागतो. असं काम शिकवणारं पुस्तक नुसतं चाळून कळत नाही. मी त्या मुलाची प्रत घरी नेली आणि तीन आठवडे रोज रात्री बसून त्यातली उदाहरणं स्वतः टाइप करून चालवली.

कंपाइल न होण्याचं कारण तासाभरात सापडलं. पुस्तक जावा ८ आणि स्प्रिंग बूट २ वर लिहिलेलं आहे. स्प्रिंग बूट म्हणजे जावा प्रोग्रॅम बांधायचा तयार सांगाडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं. त्याला किमान जावा १७ लागतं, आणि त्यात 'जावाएक्स.पर्सिस्टन्स'सारख्या पॅकेजांची (तयार कोडच्या गठ्ठ्यांची) नावं 'जकार्ता'नं सुरू होतात. मुलानं नवी आवृत्ती उतरवून घेतली होती, त्यामुळे पुस्तकातली ही पॅकेजं बोलावणारी इम्पोर्टची ओळन् ओळ लाल झाली. कुठंतरी वाचून त्यानं सगळ्या 'जावाएक्स'चं सरसकट 'जकार्ता' केलं, तेव्हा 'जावाएक्स.एसक्यूएल'ही मोडलं, कारण ते पॅकेज मूळ जावाचंच आहे आणि त्याचं नाव बदललेलंच नाही. यात लेखकाला दोष देता येत नाही, त्यानं लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. पण आज ते विकताना आणि सुचवताना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

पुढचा दोष मात्र लेखकाचाच आहे. पुस्तकभर पैसे 'डबल'मध्ये, म्हणजे दशांश आकडा जवळपास धरून ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवलेत. ४ रुपये ३५ पैशांना 'डबल'मध्ये १०० नं गुणलं, तर जावा ४३५ देत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ देतं. त्याचा पूर्णांक केला की ४३४ पैसे उरतात. अशी हमाली दोनशे पोत्यांवर लावली की दोन रुपये गेले, आणि शेतकऱ्याच्या पट्टीतले (विक्रीच्या हिशेबातले) दोन रुपये कुठं गेले याचं उत्तर दिवाणजीला द्यावं लागतं. त्यासाठी दशांश आकडा नेमका ठेवणारं 'बिगडेसिमल' आहे, तेही आकडा स्ट्रिंगमधून (मजकूर म्हणून) देऊन बनवायचं. सातशे पानांत त्याचा एकदाही उल्लेख नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या पुस्तकात ही चूक मला माफ करता येत नाही.

एवढं सगळं असूनही पुस्तक टाकाऊ नाही, आणि हेही मला तितक्याच कळकळीनं सांगायचंय. ट्रान्झॅक्शनचं प्रकरण उत्तम आहे. पट्टी झाली की साठ्यातून पोती वजा व्हायला हवीत. दोन्ही कामं व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये. मेथडच्या (प्रोग्रॅममधल्या एका कामाच्या तुकड्याच्या) डोक्यावर 'ट्रान्झॅक्शनल' लिहा, एवढं सांगून बहुतेक पुस्तकं मोकळी होतात. हे पुस्तक आकृती काढून दाखवतं, की हे काम मेथड आणि तिला बोलावणारा यांच्या मध्ये उभी असलेली प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, करते. त्याच क्लासातल्या, म्हणजे कोडच्या त्याच गटातल्या, एका मेथडनं दुसरीला बोलावलं तर प्रॉक्सी वाटेत येतच नाही आणि दुसरीच्या डोक्यावरची खूण नुसती नावाला राहते. शिवाय चेक्ड एक्सेप्शन (जी हाताळायची सक्ती जावा करतं अशी अडचण) आलं तर स्प्रिंग आपण होऊन रोलबॅक करत नाही. तोवर लिहिलेलं कायम करून टाकतं. 'रोलबॅकफॉर' आपणच लिहावं लागतं.

हे मला २०१४ साली माहीत नव्हतं. एका पेढीवर पट्टी झाली, पुढच्या पायरीला चेक्ड एक्सेप्शन आलं, आणि विकलेली ४० पोती साठ्यात तशीच दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी तोच लॉट पुन्हा सौद्याला काढायची वेळ आली होती. दोन रात्री मी कोड उलटापालटा करत होते. वडिलांनी माझा छापील कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "नावे टाकलंस, जमा कुठाय?" त्यांना जावाचं अक्षर येत नव्हतं. ते प्रकरण वाचताना मला तो कागद आठवला. तेव्हा हे पुस्तक हाताशी असतं, तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

एकाच नोंदीवर दोघांचे हात एकदम पडू न देणाऱ्या लॉकिंगला मात्र लेखकानं अर्धं पान दिलंय. लॉटमध्ये ४० पोती आहेत आणि दोन दिवाणजींच्या पडद्यांवर ४० दिसताहेत. एकानं १५ वजा करून २५ लिहिली. दुसऱ्यानं आपल्या ४० मधून १० वजा करून ३० लिहिली. खरी पोती १५, कॉम्प्युटरवर ३०. नोंद बदलली की बदलणारा 'व्हर्जन'चा कॉलम ठेवला की दुसऱ्याचं लिखाण अडतं, इथवर पुस्तक येतं आणि थांबतं. अडलेल्या माणसाला काय दाखवायचं? फेब्रुवारी-मार्चात नवी हळद येते, सौदा चालू असतो, बारा ओळी टाइप केलेल्या असतात आणि पडद्यावर इंग्रजी एररचा ढीग येतो. त्याच्या बारा ओळी तशाच ठेवून, लॉटचा नवा आकडा शेजारी दाखवून, त्याला मराठीत विचारायला हवं. आमच्या कामातला निम्मा वेळ यातच जातो.

तेव्हा माझं मत असं: ज्याला एखादं काम करून झालंय, त्यानं हे पुस्तक ट्रान्झॅक्शनसाठी जरूर वाचावं. नवशिक्यानं एकट्यानं घेऊ नये.

आपल्याला विनंती एवढीच, की प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची शिफारस छापण्याआधी त्यातली निदान दोन प्रकरणं कुणाकडून तरी चालवून घ्यावीत. आणि किमतीच्या शेजारी आवृत्तीचं वर्ष व कोणत्या जावावर ते चालतं, हेही छापावं. एका ओळीची जागा लागेल. तासगावच्या मुलानं आता लॅपटॉपवर जावा ८ आणि स्प्रिंग बूट २ घातलंय. पहिलं प्रकरण परवा चाललं. तिसऱ्या प्रकरणातले सगळे 'डबल' त्यानं पेन्सिलीनं खोडलेत.

— हळद बाजारातली एक प्रोग्रॅमर, विश्रामबाग, सांगली