वाटी की वाडगा?

सातारा,
रविवार रात्र

प्रिय शऱ्या,

स.न.वि.वि. वगैरे राहू दे, आधी भांडण ऐक.

आईचं घर रंगवायला काढलंय, म्हणून भांड्यांची आवराआवर माझ्या गळ्यात पडली. मी शहाणपणा करून खोक्यांवर नावं घातली : वाट्या, पेले, पातेली, डबे. तासाभरात अडलो. हातात एक स्टीलचं भांडं, तोंड पसरट, बूड आवळलेलं. बायको म्हणे वाटी, मी म्हणे वाडगा. आई म्हणाली, "त्यात काय घालणार ते सांग आधी."

हसू नकोस. विल्यम लॅबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७३ साली छापलेला प्रयोग हाच आहे. कपांची चित्रं काढायची, रुंदी वाढवत न्यायची आणि लोकांना नाव विचारायचं. कप संपून वाडगा कुठं सुरू होतो, ती रेघ काही सापडेना. मधल्या चित्रांशी माणसं घुटमळायची. आणि त्यात कुस्करलेला बटाटा आहे असं धरा म्हटलं की तेवढ्याच रुंदीच्या कपाला जास्त लोक वाडगा म्हणायला लागायचे!

त्याच दशकात एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईनं दाखवलं की एका गटातल्याही सगळ्या वस्तू आपल्याला सारख्या वाटत नाहीत. तिच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना रॉबिन म्हणजे अगदी पक्षी, पेंग्विन कसाबसा पक्षी. आपली चिमणी आणि कोंबडी घे ना. कोंबडीला पक्षी म्हणताना जीभ जरा अडखळतेच.

पण आईची वाटणी याहून वेगळीच निघाली. एकाच डझनातल्या तीन वाट्या, तिन्हींवर आजोबांचं नाव कोरलेलं. एक नैवेद्याची, एक आमटीची, एक तांदळाच्या डब्यातली, मापाची. मी तिन्ही एकात एक बसवून खोक्यात टाकल्या, तर बाई उखडलीच. "मापाची त्यात कशाला? उद्या भात कशानं मोजू?" आकार गेला खड्ड्यात, काम काय ते बघ. लॉरेन्स बार्सालू या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये अशाच कामापुरत्या गटांवर लिहिलं. घराला आग लागली तर काय उचलाल? मुलं, दागिने, कागदपत्रं. एरवी यांना एका ओळीत कोण बसवेल?

ते पसरट भांडं अजून ओट्यावरच आहे. काल रात्री आईनं त्यात विरजण लावलं, त्यामुळे आज सकाळपासून ते "दह्याचं". माझं वाटी-वाडगा खोडलं गेलं.

तुमच्या चिपळूणला अशा भांड्याला काय म्हणतात? वहिनींना विचारून कळव. तू स्वतः सांगू नकोस, तुला पातेलं आणि टोप यातलाही फरक कळत नाही.

तुझा,
दिल्या