शरणपूर आणि झांजिबारचे डॉ. कर्क

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांवरचं लेखन मी आवडीने वाचते; नोकरीभर मुलांना हाच विषय शिकवला. पण डॉ. जॉन कर्क यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण आफ्रिकेतले प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यापाशी येऊन थांबतात. नाशिकचं नाव कुणी घेत नाही.

कर्क स्कॉटलंडचे, एडिंबरोला डॉक्टर झालेले. १८५८ साली लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या मोहिमेत ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गेले. १८६० मध्ये केब्राबासाच्या खळाळात त्यांची होडी उलटली. टिपणवह्या, वनस्पतींची चित्रं, सगळं नदीने नेलं. हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) एक कागद भिजला तरी आम्हा मंडळींचा जीव कासावीस होतो, इथे तर दोन वर्षांची मेहनत बुडाली!

१८६६ मध्ये ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावरच्या ब्रिटिश वकिलातीत डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि पुढे कॉन्सल जनरल झाले. तिथला गुलामांचा बाजार बंद करण्यासाठी १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर गेले होते. (आपल्या शिंदळ माकुडी या वनस्पतीला वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने ‘फ्रेरिया’ नाव दिलं, ते यांच्यावरूनच.) फ्रिअर हात हलवत परतले. सुलतान बर्घशची सही ५ जूनला कर्कनी मिळवली. तीही आरमारी नाकेबंदीचा धाक घालून, हे चरित्रकारांनी झाकू नये.

त्याआधीपासूनच इंग्रजी आरमाराने गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतली काही आपल्या नाशिकमधल्या शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये वाढली. लिहा-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८६६ मध्ये त्यांतले काही तरुण लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. मागाहून गेलेला जेकब वेनराइटही इथलाच विद्यार्थी. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा झाडावर त्यांचं नाव कोरलं ते त्याने, आणि १८७४ मध्ये शवपेटीसोबत थेट लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला तोही तोच. पुढे शरणपूरची बरीच मंडळी मोम्बासाजवळच्या फ्रिअरटाउनला स्थायिक झाली.

शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो, खरेदी करतो, सिग्नलला वैतागतो. पण यातलं काही सांगणारा फलक माझ्या तरी पाहण्यात नाही. महापालिकेने तो लावावा, मराठीत आणि वाचता येईल अशा उंचीवर. जागा एकाच नावापुरती असेल, तर कर्कसाहेबांना खुशाल वगळा; जेकब वेनराइटचं नाव लिहा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक