वधस्तंभ मागे टाकून ईस्टर होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरनिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख आस्थेने लिहिलेला होता, यात शंका नाही. मात्र ‘वधस्तंभाचे दुःख मागे सारून ख्रिस्ती बांधव पुनरुत्थानाचा आनंद साजरा करतात’ हे त्यातील वाक्य एका ख्रिस्ती वाचकाला खटकले. शुक्रवारच्या वाट्याला वधस्तंभ आणि रविवारच्या वाट्याला रिकामी कबर, अशी जी वाटणी त्यात गृहीत धरली आहे, ती शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकांत नाही आणि उपासनेतही नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात रविवारी पहाटे स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे जातात, तेव्हा आत बसलेला पांढऱ्या झग्यातला तरुण आधी ‘वधस्तंभावर खिळलेला नासरेथकर येशू’ अशी ओळख सांगतो आणि मग तो उठला असल्याची वार्ता देतो. मूळ ग्रीकमधील ‘खिळलेला’ हे रूप घडून गेलेल्या कृतीची अजून टिकून असलेली अवस्था दाखवते. योहानाच्या शुभवर्तमानात तर उठलेला येशू शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवतो, आणि आठवड्याने थोमा या शिष्याला खिळ्यांचे व्रण पाहायला बोलावतो. पुनरुत्थान म्हणजे झाले गेले पुसून टाकणे असते, तर सर्वांत आधी ते व्रण नाहीसे व्हायला हवे होते.

हा आग्रह का, हे कळायला वधस्तंभ त्या काळी काय होता ते आठवावे लागते. गळ्यातल्या सोन्याच्या क्रुसाने ते आता झाकून गेले आहे. त्या मानाने मराठी बायबलमधला ‘वधस्तंभ’ हा शब्द अधिक प्रामाणिक म्हणायचा. ही रोमन सत्तेची गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली, मुद्दाम चारचौघांत द्यायची शिक्षा होती. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचे गुलामांचे बंड मोडल्यावर इ. स. पूर्व ७१ मध्ये कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सुमारे ६,००० जणांना असे टांगण्यात आले होते. अशा मरणाने मेलेल्या माणसाला प्रभू म्हणणे किती हास्यास्पद वाटत असे, याचा पुरावा रोममधील पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेला सापडला आहे: गाढवाचे डोके असलेला, वधस्तंभावरचा एक माणूस, त्याच्याकडे हात उंचावून उभा असलेला दुसरा, आणि खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरांत ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो’ अशी टवाळी. वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिले होते, तेही पुनरुत्थानावर ठाम विश्वास ठेवूनच.

ईस्टरचा दावा केवळ एक मेलेला माणूस जिवंत झाला, एवढाच नाही. ज्याला धर्मसत्तेने दोषी ठरवले, राजसत्तेने मारले आणि बहुतेक शिष्यांनी सोडून दिले, त्याच्या बाजूने देवाने निकाल दिला, असा तो दावा आहे. वधस्तंभ वगळला की हा निकाल कोणाविषयी होता तेच कळेनासे होते आणि उरतो तो वसंताचा एक प्रसन्न उत्सव. त्या मरणाने तारण, म्हणजे माणसाची पापातून सुटका, नेमके कसे साधले, याविषयी सुटकेसाठी भरलेली खंडणी, यज्ञबळी, मृत्यूवरचा विजय अशी अनेक उत्तरे दिली गेली. निकेयाचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटले जाणारे ख्रिस्ती श्रद्धेचे प्राचीन निवेदन, मात्र ‘आमच्याकरिता’ एवढ्यावरच थांबतो, आणि मला तो संयम योग्य वाटतो.

अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत क्रूस रिकामा असतो, कॅथलिकांकडे बहुधा त्यावर ख्रिस्ताची मूर्ती असते. लेखातील समजूत कदाचित या रिकाम्या क्रुसावरूनच झाली असावी. परंतु तिथेही मूर्ती नसली तरी क्रूस काढून टाकलेला नसतो. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री नव्या अग्नीवर जी मोठी मेणबत्ती पेटवतात, तिच्या मेणात धर्मगुरू आधी क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर) आणि चार कोनांत चालू वर्षाचे चार अंक घालतात. मग धुपाचे पाच दाणे त्या क्रुसात रोवतात. हे पाच दाणे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा. त्यानंतर मेणबत्ती पेटते, अंधारातल्या चर्चमध्ये नेली जाते आणि तिच्यापाशी पुनरुत्थानाची घोषणा गायली जाते.

पुढील वर्षीच्या पुरवणीत छायाचित्र निवडताना या मेणबत्तीचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक