ताई, तुम्ही आधी बॅकअप विचारलात म्हणून

ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाहीये, आणि माझ्यासारखे जुना लॅपटॉप घेऊन बसलेले बरेच जण असतात त्यांनाही वाचता यावं म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय.

मी पहिला फोन केला तेव्हा लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवायची नवीन एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) टेबलावर होती, स्क्रू ड्रायव्हर हातात होता आणि मला फक्त एवढंच हवं होतं की क्लोनिंगला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. तुम्ही त्याचं उत्तरच दिलं नाहीत. म्हणालात, "बॅकअप कुठाय ते आधी सांग." बॅकअप नव्हता. सहा वर्षांच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं त्या एकाच हार्ड डिस्कवर. मला खरंच वाटायचं की क्लोन केला की तोच बॅकअप. तुम्ही शांतपणे समजावलंत की सोर्स (जिच्यावरून कॉपी करायची ती डिस्क) आणि टार्गेट (जिच्यावर करायची ती) उलटे निवडले गेले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते, आणि मग कोणाकडेही गेलीस तरी हाती फारसं काही लागत नाही.

मग डिस्कची तब्येत बघायला लावलीत. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं तर पिवळ्या रंगात कॉशन म्हणजे सावध राहा, आणि करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या आकड्यासमोर शून्य नव्हतं. लॅपटॉप चालू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात ती जुना झाला म्हणून, असंच मी धरून चालले होते, पण तिथे डिस्कला स्वतःच्याच काही जागा वाचता येत नव्हत्या. तुम्ही म्हणालात आज क्लोन नाही, आज फक्त फाइली, आणि त्याही ज्यांच्याशिवाय तुझं अडेल त्या पहिल्या. कारण क्लोन करताना डिस्कला तासन्‌तास सलग वाचत राहावं लागतं आणि आजारी डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकू शकते. रात्री दीड वाजेपर्यंत एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी चालली होती आणि तुम्ही मध्येमध्ये मेसेज करून विचारत होतात, झालं का, कुठे अडकलंय का. तुम्हालाही सकाळी कामावर जायचं होतं ताई, ते मी विसरलेले नाही.

आणि दुसऱ्या दिवशी क्लोन खरंच अर्ध्यात थांबला, रीड एरर. आदल्या रात्री फाइली बाहेर काढलेल्या नसत्या तर त्या क्षणी माझं काय झालं असतं याचा विचार करवत नाही. फाइली सुरक्षित होत्या म्हणून तुम्ही निवांत सांगू शकलात की आता चेक डिस्क (डिस्कमधल्या चुका तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) लावून झोप. सकाळी ते पूर्ण झालं होतं.

मग पुन्हा क्लोन करताना माझी चूक. १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं म्हणून मी घाबरले होते, पण तुम्ही सांगितलंत की बघायचा तो आत भरलेला डेटा आणि माझा तर २०० जीबीसुद्धा नव्हता, फक्त पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) लहान करून देणारं सॉफ्टवेअर हवं, क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगवर लहान टार्गेट घेत नाही. इथपर्यंत बरोबर, पण निवडताना मी फक्त सी ड्राइव्ह घेतला, बाकीची छोटी पार्टिशन्स मला कचरा वाटली. बॅटरीचं कनेक्शन आधी सोडवून, स्क्रू ओळीने मांडून डिस्क बदलली, बटण दाबलं, तर बूट डिव्हाइस सापडत नाही. मी रडवेली होऊन फोन केला. तुम्ही एका शब्दानेही रागावला नाहीत. म्हणालात, जुनी डिस्क परत लाव, ती जशीच्या तशी आहे. लावली, चालू झाली. तेव्हा कळलं की माझ्या लॅपटॉपवर ते जे १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन आहे, विंडोज चालू करणारा बूट लोडर त्यातच असतो, लॅपटॉप आधी तिथे जातो आणि मग सी ड्राइव्हकडे. मग सगळी पार्टिशन्स घेऊन पुन्हा क्लोन. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू होतं म्हणून ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायला तुम्ही आधीच सांगितलं होतंत, तेही किती बरं झालं.

आता लॅपटॉप २० सेकंदांच्या आत उघडतो. एवढा फरक का ते तुम्ही सांगितलेलं मला अजून आवडतं: जुनी डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद, आणि विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागी शोधाव्या लागतात, प्रत्येक वेळी डिस्कचं वाचणारं डोकं तिथे नेऊन थांबायचं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

शेवटी ट्रिम (कुठल्या जागांवरचा डेटा डिलीट झाला ते विंडोजने एसएसडीला कळवण्याची सोय) चालू आहे का ते कमांड देऊन बघायला लावलंत आणि उत्तर शून्य आलं, मला वाटलं बंद आहे. तुम्ही म्हणालात शून्यच हवं, कारण ती कमांड विचारते की डिलीट झाल्याचं कळवणं बंद केलंय का, आणि शून्य म्हणजे बंद नाही. असं उलगडून सांगणारं माणूस मला याआधी भेटलं नव्हतं. तुम्ही स्वतः येऊन तासाभरात करून गेला असतात तर माझा लॅपटॉप चालू झाला असता पण यातलं मला काही कळलं नसतं. गेल्याच आठवड्यात शाळेतल्या एका मॅडमनी हेच विचारलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, बॅकअप कुठाय.

जुनी डिस्क तुम्ही म्हणालात तशी तारीख लिहून कपाटात ठेवलीय, महिनाभर हात लावायचा नाही म्हणून. येत्या रविवारी महिना होतोय. ती पुसायच्या आधी एकदा फोन करीन, तेवढा उचला.

तुमची,
लॅपटॉपवाली