ताई, बिल करायलाही तुम्हीच शिकवलंत

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. चारचौघांत लिहायला आणखी एक कारण आहे. जून उजाडला की बारावी झालेल्या मुलांचे आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचे मेसेज सुरू होतात. टीव्हीत जायचंय, कुठला कोर्स करू, फी अमुक लाख आहे, भरू का? प्रत्येकाला मी तुमचंच काहीतरी सांगत असते आणि श्रेय मला मिळतं. ते आता पुरे झालं.

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला टेलिव्हिजन शिकायला होतं. कॉलेजकडे कॅमेरा एकच, तो कपाटात, कपाटाची किल्ली लॅबच्या काकांकडे आणि काका बहुधा रजेवर. थिअरी मात्र दणकून. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण, 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र, 1975-76 मध्ये वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2,400 गावांत टीव्ही नेणारा 'साइट' प्रयोग, प्रसारणाच्या स्वायत्ततेवरची वर्गीज समिती, 1990 चा प्रसार भारती कायदा आणि तो अमलात यायला उजाडलेलं 1997. सगळं पाठ होतं. पण आज रात्री साडेआठला लागणारा भाग या क्षणी कुठे असेल, असं मालिका एडिट करणाऱ्या तुम्ही शनिवारच्या आमच्या पहिल्याच तासाला विचारलंत तेव्हा अख्खा वर्ग गप्प. कुणीतरी "चॅनलकडे" म्हणालं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बँक असेल तर चॅनलकडे. नसेल तर माझ्या मशीनवर, आणि मी इथे तुमच्यासमोर उभी आहे." बँक म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, हेही तेव्हाच कळलं.

मग फळ्यावर तुम्ही त्या भागाचा सगळा प्रवास काढलात. घोडबंदरच्या सेटवर सीन लागतो. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की डेटावाला ते दोन डिस्कवर उतरवतो. त्यातली एक डिस्क बाइकवरून अंधेरीच्या एडिटला येते. एडिटर पहिला कट लावतो, तो ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, बघतो, मग चॅनलचे लोक बघतात आणि "हिचा क्लोज थोडा आधी" असे निरोप येतात. त्यानंतर पार्श्वसंगीत, मिक्सिंग, कलर, तपासणी. अर्ध्या तासाच्या स्लॉटात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात, आणि ती बावीस मिनिटं आठवड्यातून सहा वेळा भरायची असतात. गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती लोकांनी पाहिली त्याचे, आकडे आले आणि पडलेले असले, की परवा लिहिलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, आज बदलतो आणि उद्या शूट होतो. हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सीनमध्ये कोण रडतं यापेक्षा डिस्क कोणाच्या हातात आहे हे आधी बघायचं, ही सवय मला तिथून लागली ती आजही आहे.

मालिकांना नावं ठेवणाऱ्यांत तेव्हा मीही होते. मालिकेत काय एडिट असतं, दार उघडलं की सातजणांचे चेहरे तीन-तीनदा! तुम्ही वाद घातला नाहीत. पुढच्या शनिवारी एका सीनचा कच्चा माल घेऊन आलात आणि लॅबमधल्या मशीनवर टाकलात. वाडा, दिवाणखाना, सून दारातून आत येते, घरातले सात जण बघतात. सगळे एकत्र दिसणारा मास्टर शॉट, कंबरेपर्यंतचे दोन मिड, सगळ्यांच्या चेहऱ्यांचे क्लोज. म्हणालात, लावा. आम्ही सगळ्यांनी अगदी तेच केलं ज्याला आम्ही हसत होतो: चेहरा, चेहरा, चेहरा. तुम्ही मागे उभ्या राहून पाहिलंत आणि एवढंच विचारलंत, "ती आत आल्यामुळे सगळ्यात जास्त कोणाचं बिघडणार आहे?" धाकट्या जावेचं. "मग तिला बघा. बाकीचे मास्टरमध्ये आहेतच की."

त्याच सीनमध्ये सासूचा संवाद बांगड्यांच्या आवाजाखाली गेला होता. हात उचलताना बरोबर "कधीच" या शब्दावर खळखळाट. आम्ही आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. तुम्ही दुसऱ्या टेकमधला नुसता तो शब्द उचललात, पहिल्या टेकच्या ओठांवर ठेवलात, एक-दोन फ्रेम मागेपुढे सरकवलात, आणि खाली सेटचा रिकामा आवाज अंथरलात, जो साउंडवाल्यानं शॉट संपल्यावर मुद्दाम घेऊन ठेवला होता. सेकंदाच्या 25 फ्रेममधली एक फ्रेम म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कानाला कळलं. आणि हेही, की साउंडवाल्यानं "सगळे शांत राहा, रूम टोन घेतोय" म्हटल्यावर सेटवर जे लोक कंटाळून मोबाइल काढतात, त्यांना एडिटचं काही माहीत नसतं.

तुमची स्वतःची सुरुवात तुम्ही एकदाच सांगितलीत, कँटीनमध्ये. 1999 च्या ऑगस्टमध्ये अल्फा मराठी चॅनल आलं, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी, आणि रोजच्या मराठी मालिकांना एकदम माणसं लागली. त्या भरतीत तुम्ही आलात. टेपवरचं एडिट. एक मशीन चालवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं. भाग लागून झाला आणि कुणी म्हणालं की चौथ्या मिनिटाला एक शॉट वाढवा, तर त्यापुढचं सगळं पुन्हा लावा. नाहीतर टेपची कॉपी काढून पुढचं तिच्यातून उचला, आणि प्रत्येक कॉपीगणिक चित्र मऊ पडत जाणार. त्यामुळे तुमची पिढी आधी डोक्यात कापते आणि मग हात लावते. आम्ही आधी टाइमलाइनवर सगळं सांडतो आणि मग आवरत बसतो. सॉफ्टवेअर कुठलं शिकू, असं मुलं मला विचारतात तेव्हा मला हे आठवतं. तुमच्या हयातीत ते कितीदा बदललं, आणि तुमचं काम कुठे अडलं?

मग मार्च 2020 आला. शूटिंगं थांबली, कॉलेज बंद झालं, मी कवठेमहांकाळला घरी. तिसरं वर्ष मोबाइलच्या पडद्यावर. टीव्हीचं प्रात्यक्षिक ऑनलाइन घ्यायचं म्हणजे पोहणं फळ्यावर शिकवण्यातली गत. आमच्याकडच्या नेटवर एक क्लिप उतरायला संध्याकाळ जायची. एक दिवस कुरियरवाल्यानं डबा आणून दिला. लाडूचा डबा, त्यात नॅपकिनमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क, आणि चिठ्ठी: "चार सीन आहेत. भावाच्या लॅपटॉपवर चालतील असे हलके करून टाकलेत. रोज एक लाव. लाडू खरंच आहेत, वरच्या थरात." माझ्या भावाचा लॅपटॉप जुना आहे हे मी तुम्हाला कधी बोलले होते ते मला आठवतसुद्धा नाही.

त्या डिस्कवरच्या फोल्डरांची नावं मी वहीत उतरवून घेतली होती. भाग, सीन, शॉट, टेक, तारीख, सगळीकडे एकाच क्रमानं. "रात्री दोन वाजता तुझ्या जागी जो बसेल त्याला तुला फोन करावा लागता कामा नये." आता माझ्या हाताखाली नवीन मुलगा आला की त्याला सगळ्यात आधी मी हेच वाक्य ऐकवते. तो नाक मुरडतो. मीही मुरडलं असणार.

एप्रिल 2021 मध्ये राज्यात शूटिंग पुन्हा बंद झालं आणि मालिकांची युनिट्स रातोरात राज्याबाहेर गेली. कोणी गोव्यात, कोणी हैदराबादला, कोणी सिल्वासाला. माझं पहिलं काम त्याच गोंधळातलं. तुम्ही एका ईपीला माझं नाव दिलंत: लॉगिंग आणि सिंकला (म्हणजे शॉटची नोंद ठेवायला आणि चित्राला आवाज जुळवायला) मुलगी आहे, नेट बेताचं आहे पण नावं नीट ठेवते. युनिट गोव्यात, फुटेज रात्री तुकड्यातुकड्यांनी चढणार, मी गावात बसून ते लावून ठेवणार, सकाळी मुंबईत तुम्ही कापणार. मे महिन्यात गोव्यानंही परवानग्या थांबवल्या आणि युनिटला पुन्हा बाडबिस्तरा उचलावा लागला. त्या आठवड्यात बँक पार आटली होती. वाड्याचा दिवाणखाना एका सीनमध्ये एक आणि पुढच्या सीनमध्ये दुसराच. तुम्ही दोन्हींच्या मध्ये देवघराचा एक जुना क्लोज टाकून निभावलंत. प्रेक्षकांतल्या कुणालाच ते कळलं नाही, असं नाही म्हणणार. माझ्या आजीनं बरोबर पकडलं होतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. काम शिकवणारे आणखीही भेटले. पैशांबद्दल सरळ बोललात त्या फक्त तुम्ही.

या धंद्यात पैसे काम झाल्यावर 90 दिवसांनी येतात, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मुंबईत राहायला येणाऱ्यानं तीन महिन्यांचं भाडं आणि डबा खिशात ठेवूनच यायचं. तुम्ही मला बिल करायला बसवलंत. वर नाव, पॅन, बिलाचा नंबर, कामाच्या तारखा, दर, खाली बँकेचा तपशील. बिल मेलवरच पाठवायचं, नुसतं व्हॉट्सॲपवर नाही. दर तोंडी ठरला असेल तर त्याच रात्री "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" अशी दोन ओळींची मेल टाकायची. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला म्हणतात, तो आपल्या नावावरच्या 26एएस या कराच्या उताऱ्यात दिसतोय का ते बघायचं. मला वाटलं होतं, ताई जरा अतीच करतात. मग एका निर्मितीसंस्थेनं माझे काही महिन्यांचे पैसे अडकवले आणि "असा दर ठरलाच नव्हता" म्हणून हात वर केले. तुम्ही म्हणालात, भांडू नकोस, मेल पुढे कर आणि तारीख विचार. तारीख मिळाली, ती उलटली, पुन्हा मेल, पुन्हा तारीख, आणि शेवटी पैसे आले. दोन ओळींची ती मेल नसती तर मी आज बहुधा गावी बँकेच्या परीक्षा देत असते.

आणि गाडी. मुंबईत एडिटला रुजू झाले तेव्हा रात्रपाळी कधी संपेल याचा नेम नव्हता. पोरं बाइकवर जायची. मी शेवटची लोकल गाठायला पळायची, नाहीतर सोफ्यावर पहाट काढायची. तुम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, "दहानंतर थांबवणार असाल तर हिला घरापर्यंत गाडी द्या, आणि हिला देताय तशी मेकअपच्या मुलीलाही द्या." बजेट नाही, असं उत्तर आलं. तुम्ही मशीन बंद करून पर्स उचललीत. गाडी मिळाली. आज तिथे माझ्यानंतर आलेल्या मुलींना ती आयती मिळते आणि हे कुणी सुरू केलं ते त्यांना माहीतही नाही. म्हणून इथे लिहून ठेवतेय.

फीचं विचारणाऱ्या आईवडिलांना तुम्ही जे मला सांगितलं होतंत तेच सांगते. कर्ज काढून खासगी डिप्लोमा करण्याआधी पदवी पूर्ण करा. पुण्यात एफटीआयआयच्या, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या, टीव्ही विभागात दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि साउंडचे एक वर्षाचे कोर्स आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा द्या. तो विभाग 1974 पासून पुण्यात आहे, तरी निम्म्या लोकांना तिथे टीव्ही शिकवतात हेच माहीत नसतं. मी परीक्षा दिली होती, झालं नाही. तुम्ही "पुढच्या वर्षी दे" म्हणालात. तोवर मला काम लागलं होतं. देणाऱ्यांनी मात्र जरूर द्या.

माझं सध्या बरं चाललंय. भाग स्वतंत्रपणे माझ्याकडे आहेत, टायटलमध्ये नाव येतं, आई ते मोबाइलवर थांबवून शेजारणीला दाखवते. गणपतीचा ट्रॅक शूट होतोय, त्यामुळे रत्नागिरीला तुमच्याकडे यायचं दिवाळीनंतरच जमेल. घरचे बेदाणे आधी पाठवून देते, चुलत्यांच्या शेडवरचे आहेत.

एक विचारायचं राहिलंच. चॅनल पुढच्या महिन्यापासून रविवारचाही भाग मागतंय. ईपी म्हणतात, महिन्याच्या ठरलेल्या रकमेतच सातवा भाग बसवा. मी भागाप्रमाणे दर मागणार आहे. मेल लिहून ठेवलीय, पाठवलेली नाही. तुम्हाला पुढे करते, एकदा नजर घाला आणि आकडा कमी वाटत असेल तर सांगा.

तुमची विद्यार्थिनी