अंदाजाने लिहिलेली नावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९०८च्या लंडन ऑलिंपिकमधील महिला तिरंदाजांचे एक छायाचित्र अलीकडे क्रीडालेखांसोबत वारंवार छापले जाते. पायघोळ झगा आणि रुंद काठाची टोपी घातलेली, धनुष्य ताणून उभी असलेली त्यातली स्त्री एका लेखात क्वीनी न्यूअल असते, तर दुसऱ्या लेखात लॉटी डॉड. तिरंदाजी शिकवणारा म्हणून मला हे फार खटकते.

या दोघी सहज एकमेकींच्या जागी खपाव्यात, अशा नाहीत. सुवर्णपदक मिळवणाऱ्या न्यूअल त्या वेळी ५३ वर्षांच्या होत्या. रौप्यपदक मिळवणाऱ्या आणि त्याआधी विम्बल्डन पाच वेळा जिंकलेल्या डॉड ३६ वर्षांच्या. परंतु टोपीच्या सावलीत चेहरा झाकला जातो आणि मग जे नाव अधिक प्रसिद्ध, तेच चिकटवले जाते. त्या स्पर्धेतील पंचवीसही महिला ब्रिटिश होत्या, बहुतेकींचा पेहराव सारखाच होता. केवळ कपड्यांवरून ओळख पटवणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्या काळातील सर्वांत नावाजलेल्या तिरंदाज ॲलिस ली यांचे नाव तर या ऑलिंपिकच्या छायाचित्राखाली येऊच शकत नाही, कारण त्या तेथे खेळल्याच नव्हत्या.

ओळख पटवण्याचे धागे छायाचित्रातच असतात. धनुष्य धरणाऱ्या हाताला दोरीपासून जपणारा कातडी पट्टा कोणत्या हाताच्या पुढच्या भागावर बांधला आहे, भाता कंबरेच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे. रांगेतल्या सगळ्याच बायका डावखुऱ्या दिसू लागल्या, तर छायाचित्राची मूळ काच (निगेटिव्ह) उलटी ठेवून ते छापले गेले आहे असे समजावे. तसे असेल, तर 'डावीकडून तिसरी' या जुन्या ओळीवरून लावलेले नावही चुकते. लक्ष्य किती दूर आहे, हेही पाहावे. महिलांची फेरी ६० आणि ५० यार्डांवर होती, तर पुरुषांची १०० यार्डांपासून सुरू होई. विवाहित स्त्रियांची नावे शोधणे सर्वांत कठीण, कारण त्या काळच्या नोंदींत त्या अनेकदा पतीच्या नावाच्या आद्याक्षरांखाली असतात. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या लिडा हॉवेल यांचा शोध घेताना 'मिसेस एम. सी. हॉवेल' ही नोंद डोळ्यांआड करून चालत नाही.

माझी विनंती एवढीच, की आपल्या पुरवणीत असे छायाचित्र छापताना नाव कोणत्या आधारावर ठरवले ते एका ओळीत सांगावे आणि आधार नसेल, तेव्हा 'तिरंदाज अज्ञात' असे लिहून फक्त ठिकाण आणि साल द्यावे. ज्या बाईंनी त्या मैदानावर दोन दिवसांत १४४ बाण सोडले, त्यांच्या चेहऱ्याखाली दुसरीचे नाव छापण्यापेक्षा ती जागा मोकळी राहिलेली बरी.

आपला,
एक तिरंदाजी प्रशिक्षक