एनिग्मामागचे पोलिश गणितज्ञ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे गुप्तसंदेश उलगडण्याचे केंद्र असलेल्या ब्लेचली पार्कवरील रविवारच्या पुरवणीतील प्रवासलेख वाचला. लेख आवडला, मात्र एनिग्मा या जर्मन गुप्तलेखन यंत्राचे कोडे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी एकट्याने सोडवले, हा त्यातून होणारा समज बरोबर नाही. पोलंडचे गणितज्ञ मारियान रेयेव्स्की यांनी १९३२ मध्येच त्या यंत्राची अंतर्गत जोडणी गणिताने शोधून काढली होती. जुलै १९३९ मध्ये वॉर्सॉजवळ पोलिश तज्ज्ञांनी हे सारे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केले. पाचच आठवड्यांत पोलंडवर आक्रमण झाले! ट्युरिंग यांचे काम थोरच, पण ते या पायावर उभे होते. ब्लेचलीतील जुन्या तबेल्यांच्या आवारात रेयेव्स्की आणि त्यांचे सहकारी गणितज्ञ रुझित्स्की व झिगाल्स्की यांचे स्मारक आहे. लंडनहून तिथे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी युद्धकाळात हे काम जिथे चाले त्या लाकडी बराकी पाहून झाल्यावर त्या स्मारकापाशीही आवर्जून थांबावे.

– एक वाचक, पुणे